कामाची पाळी

सांगलीत आमच्या सरांच्या घरी दर शनिवारी दुपारी अभ्यासवर्ग भरायचा. सर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे आणि घरी मार्क्सवाद. बाहेरच्या खोलीत एक विटकी सतरंजी असायची, तिच्यावर आम्ही दहा-बाराजण गुडघ्याला गुडघा लावून बसायचो. एका शनिवारी सरांनी खिशातनं एक हळकुंड काढलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"यात काय आहे, सांग."

मी वास घेतला. म्हणालो, "रंग आहे." कुणी म्हणालं औषध, कुणी म्हणालं बाजारभाव. माझ्या शेजारी कराडजवळच्या मलकापूरचा एक मित्र बसायचा. त्याच्या घरी नदीकाठची उसाची आणि हळदीची शेती होती. तो म्हणाला, "आमच्याकडं हळद काढायला ज्या बाया येतात ना सर, त्यांची कंबर आहे यात."

सर खूश झाले. म्हणाले, "काढणारी, शिजवणारी, वाळत घालणारी, पॉलिश करणारा. या सगळ्यांचा दिवस या हळकुंडात आटून बसलाय. बाजारात हळकुंड दिसतं. दिवस दिसत नाही. तो दिसायला लागला की माणूस शहाणा होतो."

ते हळकुंड मी तसंच मुठीत धरून वसतिगृहावर गेलो. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. वर्गात बसलं की माझा पाय सारखा हलायचा. सर म्हणायचे, प्रत्येक गोष्टीच्या पोटात तिचा विरोध असतो, त्या दोघांच्या झगड्यातनंच ती पुढं सरकते. त्याला ते विरोधविकास म्हणायचे. ऐकताना अंगात काहीतरी सळसळायचं. पण सर 'श्रम' हा शब्द ज्या मायेनं उच्चारायचे, ती माया मला कुठं ठेवावी कळायचं नाही. आमच्या घरात काम हा शब्द तसा कुणी उच्चारत नसे. कामापासून जितकं लांब जाता येईल तितकं जायचं, ही आमच्या घरची रीत. वडील त्यासाठी फौजेत गेले होते. मी त्यासाठीच सांगलीला आलो होतो.

आमचं गाव रहिमतपूरपासून चार कोसांवर. आम्ही बौद्ध. वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. आई तिथं राहायची, चुलते राहायचे. चुलत्यांना आम्ही तात्या म्हणायचो आणि वडिलांना दादा. दादा फौजेतनं निवृत्त होऊन साताऱ्यात औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन होते. रविवारी सुट्टीला गावी यायचे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत श्रमशिबिर घ्यायचं असं सरांनी ठरवलं, तेव्हा मी कुणाला विचारायच्या आधीच बोलून गेलो, "सर, आमच्या गावात घेऊ या." एस.टी.च्या थांब्यापासून आमच्या वस्तीपर्यंत वाट नव्हती. पावसाळ्यात गुडघाभर चिखल व्हायचा. आजारी माणसाला झोळीत घालून न्यायला लागायचं. सर म्हणाले, "वा! तुझ्याच गावाचा रस्ता." मला आनंद झाला आणि त्याच क्षणी आपण बोललो ते चुकलं असंही वाटलं. दोन्ही एकदम का झालं, ते मला सांगता आलं नसतं.

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. मे महिन्यात आम्ही बाराजण आणि सर असे गावात उतरलो. मुक्काम शाळेत. जेवण आमच्या वस्तीत, रोज दोन घरांत. गावातल्या काहींना ते रुचलं नाही, पण सर पुढं म्हटल्यावर कुणी तोंडावर बोललं नाही. रस्ता एका मोठ्या बागाइतदाराच्या बांधाकडनं जाणार होता. पोलीस पाटलांनी मध्ये पडून त्याच्याकडनं हो म्हणवून घेतलं होतं.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्यांच्या हाताला फोड आले. सरांच्याही. त्यांनी रुमाल फाडून तळहाताला बांधला आणि पुन्हा कुदळ उचलली. मलकापूरचा मित्र मात्र सफाईनं खणायचा. तो सगळ्यांना दाखवत होता, "अरे, कुदळ मारू नको, पडू दे. तिच्या वजनाला काम करू दे." आई मुरमाच्या पाट्या उचलू लागली, वस्तीतल्या बाया आल्या, तात्या आले. चार दिवसांत रस्ता निम्म्यापुढं गेला. तात्या मला म्हणाले, "लय भारी मास्तर हाय गड्या तुजा." मी इतका फुगलो की त्या रात्री भाकरी दोन जास्त खाल्ल्या.

पाचव्या दिवशी दुपारी त्या बागाइतदाराचा बैल मेला. विहिरीजवळच, आमच्या रस्त्यापासून चाळीस-पन्नास पावलांवर. उन्हानं मेला की कशानं, कुणाला ठाऊक नाही. तासाभरात त्याचा गडी वस्तीत आला आणि तात्यांच्या दारासमोर उभा राहिला.

"जरा चारपाच जण या. बैल वढून टाकायचाय."

तात्या पाणी पीत होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला. "आमी ते काम सोडल्याला सतरा-अठरा वर्सं झाली. मालकाला म्हाईत न्हाई व्हय?"

"म्हाईत हाय. पर रस्ता त्यांच्या बांधावनं चाललाय, येवढं बी ध्यानात ठेवा म्हणालेत."

गडी निघून गेला. आम्ही बौद्ध झालो त्याच वर्षी वस्तीनं एकत्र बसून शब्द दिला होता: मेलेलं ढोर ओढायचं नाही. त्या वेळी मी तीन-चार वर्षांचा असेन. माझ्या कळत्या वयात आमच्यातल्या कुणी ते काम केलेलं मी पाहिलं नव्हतं. मधल्या वर्षांत गावाला कुठनं कुठनं माणसं आणावी लागत. या वेळी ती मिळाली नाहीत, की मुद्दाम आणली नाहीत, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कामावर गेलो तर बांधावर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या. पलीकडं बैल फुगला होता. वारा आमच्याकडंच येत होता. पोलीस पाटील उभे होते. सरांना म्हणाले, "आवं सर, गावाची कामं गावानं करायची असत्यात. हे लोक रस्ता मागत्यात आणि येक बैल वढत न्हाईत. मालक म्हणतोय, बैल उचला, मग रस्ता करा."

सरांनी बैलाकडं बघितलं. मग आमच्याकडं वळले. त्यांचा चेहरा उजळला होता. ती चमक मला ओळखीची होती. वर्गात अवघड गाठ सुटली की ते असेच दिसायचे.

"दोर आणा," ते म्हणाले. "श्रमाला जात नसते. माणसानं ती चिकटवली. आपण ती आपल्या हातानं काढून टाकू. बैल आपण ओढायचा."

 मग मलकापूरचा मित्र पुढं झाला आणि त्याच्यामागं सगळे. मी जागचा हललो नाही.

"चल ना," सर म्हणाले.

"मी नाही ओढणार, सर."

"का? घाण वाटते?"

"नाही."

"मग?"

 माझा पाय हलायला लागला होता.

सर जवळ आले, हळू आवाजात म्हणाले, "ज्या कामानं तुमच्या लोकांना शतकानुशतकं दाबलं, ते सगळ्यांनी मिळून केलं की त्याचं दाबणंच संपतं. हे तुला पटत नाही?"

"पटतं, सर. पण मी नाही ओढणार."

"म्हणजे तूही त्या कामाला हलकंच मानतोस."

ते रागानं बोलले नव्हते, उलट वाईट वाटून बोलले होते. म्हणूनच ते जास्त लागलं. मी तोंड फिरवलं आणि रस्त्याच्या जुन्या टोकाला, जिथं काम झालेलं होतं, तिथं जाऊन उगीचच खणायला लागलो. मागनं आवाज येत होते. "धर... पायाला बांध... एकदम ओढा रे..." कुणीतरी ओकलं. मी वळून पाहिलं तर मलकापूरचा मित्र वाकून उभा होता, त्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि पुन्हा दोर धरला. अख्खं गाव वरच्या बाजूला उभं राहून बघत होतं. वस्तीतली माणसं खालच्या बाजूला. मध्ये मी एकटाच, झालेला रस्ता पुन्हा उकरत.

बैल फरफटत ओढ्यापलीकडं गायरानात गेला. पुढं काय करायचं कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून तो तसाच टाकून सगळे परतले. थोड्या वेळानं आकाशात गिधाडं फिरायला लागली.

पोलीस पाटलांनी सगळ्यांना घरी नेलं. हात धुवायला साबणाची नवी वडी काढून दिली. सोप्यात बसवून कपबशीतनं चहा दिला. हे मला मित्रानंच सांगितलं. पाटील म्हणाले होते, "येवढी शिकल्याली पोरं, पर कामाची लाज न्हाई. शाब्बास!" बाभळीच्या फांद्या निघाल्या. दुपारी रस्त्याचं काम पुन्हा सुरू झालं. सगळे मोठमोठ्यानं बोलत होते, हसत होते. माझ्याशी कुणी वाईट वागलं नाही, पण माझ्याजवळ आल्यावर आवाज खाली यायचा. संध्याकाळच्या जेवणाला तात्या आले नाहीत. आईनं ताटं वाढली.  मला भाकरी वाढताना तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पहिल्या एस.टी.नं दादा उतरले. खाकी पँट, पांढरा सदरा, हातात पिशवी. आम्ही केलेल्या रस्त्यावरनं ते सरळ चालत आले. मध्ये थांबून बुटाच्या टाचेनं मुरूम दाबून बघितला. घरी पोचेपर्यंत त्यांना वाटेतच सगळं कळलं होतं.  चहा पिऊन ते रस्त्याच्या कामावर आले आणि मुरमाच्या ढिगावर बसले. सर त्यांच्याकडं गेले. मी पाठोपाठ गेलो, कारण न जाणं मला जमलं नसतं.

सर म्हणाले, "तुमच्या मुलाशी माझं थोडं वाजलं. तुम्हाला कळलंच असेल."

"कळलं." दादांनी त्यांना शेजारी बसायला जागा केली. "बसा मास्तर. तुमी वढला, ते चांगलं केलं. वाईट मनानं न्हाई केलं, ते मला दिसतंय."

"मग तो का नाही आला? मला खरंच समजून घ्यायचंय."

दादांनी मुरमाचा एक खडा उचलून बोटांत फिरवला. "पल्टनीत फटीक असायची. तुमास्नी म्हाईत न्हाई. फटीक म्हंजे हलकीसलकी सगळी कामं. संडास धुवायचा, खड्डे मारायचे, मेलेलं खेचर पुरायचं. मी समदं केलंय. माज्या संगं पंजाबी हुता, मद्रासी हुता, आपल्याकडची पाटलांची पोरं हुती. समदे करायचे. बोर्डावर पाळी लिवल्याली असायची. आज तुजी, उद्या माजी. पाळी असली ना मास्तर, का कामाची लाज वाटत न्हाई. आमच्या बापजाद्याला पाळी नव्हती. रोज आमचीच."

सर म्हणाले, "तेच तर आम्ही मोडलं काल."

"काल तुमास्नी चहा मिळाला. कपबशीतनं. माज्या बापानं उभी हयात ढोरं वढली, त्येला त्या सोप्याची पायरी म्हाईत नव्हती." दादांचा आवाज चढला नव्हता. "काम त्येच. मग चहा कशाचा मिळाला?"

दादांनी बुटाला लागलेला मुरूम झटकला.

"आनि दुसरं. तुमी मंगळवारी सांगलीला जाणार. पावसाळ्यात कुनाचं तरी ढोर मरंल. तवा गाव आमच्याच दारात येनार आणि काय म्हणनार? प्रोफेसर लोकांनी वढलं, तुमास्नी काय धाड भरली? अठरा वर्सं आमी न्हाई म्हणत आलो, त्या न्हाईतली हवा तुमी काडून घेतली."

सरांनी चष्मा काढला आणि तो हातातच धरून बसले. फोड फुटलेल्या तळहातावरचा रुमाल मळला होता. मला त्यांची दया आली, आणि दादांचा अभिमान वाटला, आणि मला जे काल सांगता आलं नाही ते दादांनी इतक्या सहज सांगितलं याचा रागही आला. जागच्या जागी उभं राहवेना.

शेवटी सर म्हणाले, "मग आता काय करायचं?"

"बगतो," दादा म्हणाले आणि उठले.

ते थेट पोलीस पाटलांच्या घरी गेले. अंगणात उभे राहिले. मी फाटकाशी होतो. दादांनी फौजेत ठोकतात तसा सलाम ठोकला आणि म्हणाले, "पाटील, बैलाचं काल निभावलं. पुढचं कसं? माजं म्हणनं हाय, पाळी लावा. येकेका आळीची येकेक पाळी. आमच्या वस्तीची बी लावा. आमी मागं सरनार न्हाई."

पाटील आधी हसले. मग त्यांना कळलं की दादा हसत नाहीत. "म्हंजे आमी ढोरं वढायची? तुजं डोकं ठिकाणावर हाय का?"

"मास्तरांनी वढलाच की. तुमीच शाब्बास म्हणला."

पाटलांनी धोतराचा सोगा सावरला. "बगू," म्हणाले आणि आत गेले.

वस्तीत ही गोष्ट आमच्या आधी पोचली. तात्या दारातच उभे होते. मी त्यांना इतकं संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं. "समद्यांनी मिळून दिल्याला शब्द तू येका दुपारीत इकलास! आमची बी पाळी लावा म्हणालास? कुनाला इचारून?"

"आरं, पाळी लागली तर ते काम आपलं ऱ्हात न्हाई. गावाचं हुतंय."

"गाव कवा पाळी लावनार हाय?"

"न्हाई लावनार," दादा म्हणाले. "म्हंजे न्हाई कोन म्हणालं? इतकी वर्सं आपुन न्हाई म्हणत हुतो. आता त्यास्नी म्हणू दे."

तात्यांना ते पटलं नाही. शब्द तो शब्द, त्यात हुशारी कशाला, असं त्यांचं म्हणणं. दोघे सख्खे भाऊ, पण त्या दिवसापासून अर्धा पावसाळा सरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. मला विचाराल तर मी दोघांच्या बाजूचा होतो आणि त्यामुळं कुणाच्याच बाजूला उभा राहू शकत नव्हतो. तात्यांच्या नाही म्हणण्यात मला माझं नाही म्हणणं दिसायचं. दादांच्या बोलण्यात मला सरांचा विरोधविकास दिसायचा, तोही पुस्तकाबाहेर, भर उन्हात, अंगणात उभा असलेला.

मंगळवारी शिबिर संपलं. रस्ता वस्तीपासून वीसेक हात अलीकडं थांबला. तेवढा पुढं वस्तीतल्या लोकांनी केला.

कॉलेज सुरू झाल्यावर मी शनिवारच्या वर्गाला जाणं बंद केलं. दुपारी सगळे सरांकडं निघाले की मी उलट्या दिशेनं, कृष्णेच्या घाटाकडं चालायला लागायचो. तिथंही बसवायचं नाही. आयर्विन पुलावरनं पलीकडं जायचो, परत यायचो. वाटेत हातगाडे, पाठीवर पोती घेतलेले हमाल, हळदीनं पिवळ्या झालेल्या बाया दिसायच्या. पूर्वी त्यांना बघून मला सरांचं वाक्य आठवायचं. आता प्रश्न पडायचा: यातल्या कुणाला नाही म्हणता येतं?

श्रावणात आईचा निरोप घेऊन वस्तीतला एकजण बाजाराला आला. गावात एकाची गाय मेली होती. दादा म्हणाले होते तसंच झालं. माणसं दारात आली आणि म्हणाली, प्रोफेसर लोकांनी केलं, तुमास्नी काय झालं? आणि पुढं होऊन तात्या काय म्हणाले असतील? "पाळी लावा. पयली आमची लावा. पर बोर्डावर लिवा." दादांशी बोलणं टाकलेल्या तात्यांनी दादांचंच वाक्य उचललं होतं.

गावानं रस्त्यावर पुन्हा काटे टाकले. गाय दोन दिवस तशीच पडली. भर पावसात गोठ्यापाशी, मालकाच्या घराला लागून. तिसऱ्या दिवशी पहाटे मालकानं आणि त्याच्या दोन्ही मुलांनी बैलजोडीला दोर बांधून ती स्वतःच ओढून नेली आणि स्वतःच्याच रानात खड्डा काढून पुरली. कुणी बघू नये म्हणून लवकर उठले होते, पण अख्ख्या गावानं बघितलं. पाळी काही लागली नाही. ज्याचं ढोर त्यानं पुरावं, एवढंच झालं. पाचसहा दिवसांनी काटेही निघाले. आम्हाला हवं होतं ते हेच का? दादा म्हणाले, "अर्दं." तात्या म्हणाले, "हेच." पण दोघं एका ताटाला बसून म्हणाले.

त्यानंतर काही दिवसांनी सर सायकलवरनं वसतिगृहावर आले. खोलीत शिरले नाहीत. दारातच उभं राहून म्हणाले, "या शनिवारी तू बोल. मी ऐकतो."

मी तीन दिवस लिहीत होतो, फाडत होतो. शनिवारी कागद न घेताच गेलो. सतरंजीवर उभा राहून जे बोललो त्यातलं मला आज एवढंच आठवतं. मी म्हणालो, श्रमाला प्रतिष्ठा द्या असं आपण म्हणतो, पण प्रतिष्ठा कामाला नसते, ते काम नाकारू शकणाऱ्या माणसाला असते. सरांनी बैल ओढला तेव्हा ते नाही म्हणू शकत होते, म्हणून त्यांना चहा मिळाला. माझ्या आज्याला नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून त्याच्या त्याच कामाला काडीची किंमत नव्हती. आधी नाही म्हणायचा हक्क, मग पाळी, आणि मग प्रतिष्ठा. एकाला ते सगळं व्यक्तिवादी वाटलं. दुसरा म्हणाला, समाजवादात कामं नाकारायला लागले तर चालेल कसं? आवाज चढले. सर मध्ये पडले नाहीत. ते वहीत लिहून घेत होते.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातनं सरांच्या पत्नी म्हणाल्या, "तुमचं पाळीचं ऐकलं मी. दर शनिवारी बारा कपबश्या असतात. त्यांची पाळी कुणाची?"

 मग सर उठले. मग आम्ही. त्या दिवशी कपबश्या विसळताना दोन फुटल्या. भिंतीवर कागद चिकटवून त्यावर पाळी लिहिली. पहिले दोन शनिवार ती नीट चालली. तिसऱ्या शनिवारी ज्याची पाळी होती तो आलाच नाही. चौथ्या शनिवारी बाई पुन्हा स्वतःच कप उचलून आत गेल्या आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. हे मला फार पुढं, लग्नानंतर, आठवलं.

मलकापूरच्या मित्रानं दिवाळीच्या सुट्टीत मला पत्र पाठवलं. त्यांच्याकडं म्हैस मेली होती. गड्यांना हाक मारायच्या आधी त्यानं स्वतः दोर उचलला. वडिलांनी त्याला दिवसभर परड्यात उभं केलं, आंघोळ केल्याशिवाय घरात घेतलं नाही, आणि आईला सांगितलं की याचं सांगलीचं शिक्षण बंद. त्यानं लिहिलं होतं, "या वेळी मला कुणी चहा दिला नाही रे. तुझं म्हणणं तेव्हा कळलं." त्याचं शिक्षण बंद झालं नाही, पण तो नंतर वर्गाला गप्प बसायचा. पुढं तो शेतीत गेला.

पुढच्या वर्षी आणीबाणी आली. सरांना कुणी पकडलं नाही, पण वर्ग थांबला. पुस्तकं माळ्यावर गेली. कोण कुठं गेलं कळेनासं झालं. मला साताऱ्यात एका सरकारी कचेरीत नोकरी लागली आणि मी दादांच्याच खोलीत राहायला गेलो. टेबलाशी बसून दिवसभर कागद पुढं ढकलायचे. काम सोपं होतं, प्रतिष्ठेचं होतं, आणि ते करताना माझा पाय टेबलाखाली हलत राहायचा.

दादा गावी गेले नव्हते अशा एका रविवारी दुपारी मी त्यांना विचारलं, "आजोबा कातडं कसं काढायचे?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. असलं काही आमच्या घरात कुणी विचारत नसे. मला वाटलं रागावतील. पण ते ताठ बसले आणि बोलायला लागले. सुरी कुठनं लावायची, किती खोल जाऊ द्यायची. पोटाकडनं सुरुवात. पायाशी आल्यावर मनगट कसं फिरवायचं. बोलता बोलता त्यांचा उजवा हात हवेत चालायला लागला, हळू, अगदी अचूक. म्हणाले, "कुटं येक भोक न्हाई. आख्ख्या तालुक्यात त्येच्यावानी हात न्हवता. कराडचा यापारी कातडं उलटं करून बगायचा आनि इचारायचा, रहिमतपूरकडच्या म्हाताऱ्याचं का?"

त्यांचे डोळे चमकत होते. मी त्यांना इतक्या आनंदानं कशाबद्दल बोलताना पाहिलं नव्हतं, फौजेबद्दलही नाही.

"तुम्हाला येतं?" मी विचारलं.

हात हवेतच थांबला. "येतं," ते म्हणाले. "बारा वर्साचा हुतो तवाच शिकलो." मग त्यांनी हात खाली घेतला, मांडीवर पुसला, जणू काही लागलं होतं. "जा, पानी आन."

मी पाणी आणलं. ते प्यायले आणि भिंतीकडं तोंड करून पडले. झोपले नव्हते, मला कळत होतं. मी बाहेर पडलो आणि अजिंक्यताऱ्याच्या चढाला लागलो. चालता चालता सारखं वाटत होतं, की ज्याचा इतका अभिमान आहे ते टाकून द्यावं लागलं, आणि टाकून दिलं म्हणूनच आपण माणूस म्हणून उभे राहिलो. यातलं एक खरं आणि एक खोटं असतं तर मी मुकाट घरी गेलो असतो. दोन्ही खरं होतं. ऊन उतरेपर्यंत मी चालतच होतो.